आकर्षण आणि समाजाची चौकट यावरची कोणती कथा तुमच्या मनात घर करून राहिली आहे?

रशियन लेखक अंतोन चेखवची 'द लेडी विथ द डॉग'. कथा १८९९ सालची आहे.

मॉस्कोचा गुरोव, अजून चाळिशी न गाठलेला, बायको-मुलं असलेला, सुट्टीसाठी समुद्रकाठच्या याल्टा गावी आलेला असतो. तिथे कुत्र्याला घेऊन एकटीच फिरणारी आन्ना त्याला भेटते. तिचंही लग्न झालेलं. त्याच्या लेखी हे चार दिवसांचं प्रकरण. पण मॉस्कोला परतल्यावर महिनाभरात पुसट होईल असं वाटलेला तिचा चेहरा आणखीच ठळक होत जातो.

आणि मग तो प्रसंग येतो. क्लबातून बाहेर पडताना, पत्ते खेळायला सोबत असलेल्या एका अधिकाऱ्याला गुरोव न राहवून सांगतो, याल्टात मला किती मोहक बाई भेटली म्हणून सांगू! तो गृहस्थ स्लेजमध्ये, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीत बसतो, निघतो, अचानक मागे वळून गुरोवला हाक मारतो. आणि म्हणतो काय, तर मघाशी तुम्ही म्हणालात ते खरं, माशाला जरा वास येत होता.

हे वाचेपर्यंत समाजाचा दबाव म्हटलं की मला रागावणारी, अडवणारी, वाळीत टाकणारी माणसंच दिसायची. इथे तसं कुणी नाही. गुरोवला कुणी जाब विचारत नाही. त्याचं बोलणं कुणाच्या कानात शिरतच नाही, एवढंच. माशाबद्दल बोलणारा तो माणूस दुष्ट नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

दोघं लग्नं मोडून मोकळी का होत नाहीत, हा प्रश्न मलाही पडला होता. त्या काळच्या रशियात ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा घटस्फोट चर्चच्या हातात होता आणि तो फार थोड्या कारणांसाठी मिळे. पण कथेचा जीव तिथे नाही. पुढे आन्ना नवऱ्याला डॉक्टरचं कारण सांगून दोन-तीन महिन्यांनी मॉस्कोला येऊ लागते. एका सकाळी गुरोव तिला भेटायला निघालाय आणि वाटेत मुलीला शाळेत सोडतोय. मुलीला तो समजावतो की जमिनीलगत ऊब असली तरी वर थंडी असते, म्हणून बर्फ पडतोय. हिवाळ्यात गडगडाट का होत नाही, तेही सांगतो. बोलता बोलता मनात म्हणतो, आपण कुठे चाललोय हे एकालाही ठाऊक नाही. आपलं जे खरं आहे ते झाकलेलं, आणि जे उघडं आहे ते नुसतं रीतीपुरतं. मग त्याला वाटतं, सगळ्यांचंच असं असणार. माझ्या मते कथेतली सर्वांत एकाकी जागा ही. मुलगी सोबत चालत असताना आलेली.

मला ही कथा टोचते ती गुरोवमुळे नाही. खूप वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने संध्याकाळी चालता चालता मला एक नाव सांगितलं होतं. ज्याच्याविषयी तिने तसं बोलायला नको, अशा माणसाचं. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "चल, उशीर झाला." मला खरंच उशीर झाला होता. मी तिला गप्प करत नव्हते.

आजही आम्ही भेटतो, तासन्‌तास बोलतो. ते नाव तिने पुन्हा कधी काढलं नाही, आणि मीही अजून विचारलेलं नाही.