विचारा बिनधास्त : फरशी फोडायच्या आधी

प्रश्न : आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, बिल्डिंग २० वर्षं जुनी. खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आलीय आणि त्या रोज जिना चढून येतात. प्लंबरला बोलावलं तर दोन मिनिटं बघून म्हणाला, सगळं बाथरूम फोडायला लागेल. खरंच फोडायचं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : एवढ्यात नाही. दोन मिनिटांत ‘फोडा’ म्हणणाऱ्याच्या हातात हातोडा देऊच नका. पाणी खाली जायच्या वाटा मुख्यतः तीन, नळाची लाइन, ड्रेनेजची लाइन नाहीतर फरशीचे सांधे, आणि तिन्हींचा खर्च एकदम वेगळा, त्यामुळे आधी वाट शोधायची आणि ते बरंचसं तुम्हाला घरच्या घरी फुकटात जमतं.

काकूंकडे जा (चहा घ्यावा लागेल, घ्या), ओलीच्या कडेकडेनं पेन्सिलीनं रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. मग चार-पाच दिवस ते बाथरूम वापरायचंच नाही, पण त्याच्या नळांना पाणी देणारा व्हॉल्व मात्र चालू ठेवायचा. नळाच्या लाइनीत पाणी कायम भरलेलं असतं, तुम्ही आंघोळ करा नाहीतर गावाला जा, ती गळायची थांबत नाही. म्हणून ओल रेघेच्या बाहेर सरकत राहिली तर संशय नळाच्या लाइनीवर, हळूहळू आटत गेली तर ड्रेनेज किंवा फरशी. घाई नको हं, बऱ्याच बिल्डिंगमध्ये बाथरूमचा स्लॅब खाली घेऊन वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो, त्यात साठलेलं पाणी वापर थांबवला तरी कितीतरी दिवस ठिबकतं, आणि उतार असेल तिकडे जातं, त्यामुळे डाग जिथे आहे त्याच्या बरोब्बर वरच गळती असेल असं काही नसतं.

आटलं तर पुढची टेस्ट. फरशी ओली न करता आठ-दहा बादल्या थेट न्हाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या जाळीखालचं, पाणी वाहून जायचं भांडं) तोंडात ओता. परत ओल आली तर ट्रॅपचा जॉइंट नाहीतर खालचा पाइप, आणि माझ्या मते जुन्या बाथरूममध्ये पहिला संशय याच जॉइंटवर घ्यावा. नाही आली तर ट्रॅप कापड-प्लास्टिक कोंबून बंद करा आणि फरशीवर बोटभर पाणी साठवून दिवसभर ठेवा. यात ओल आली तर सांधे. ते खरवडून इपॉक्सी ग्राउट (फरशीच्या फटीत भरायचा पक्का मसाला) भरून बघा, नवीन वॉटरप्रूफिंगचा खर्च त्यानंतर.

नळाची लाइन निघाली तर प्लंबर हवाच, पण फोनवरच विचारा की प्रेशर टेस्टचा पंप आहे का. सगळे पॉइंट प्लग लावून बंद करायचे, हातपंपानं दाब द्यायचा आणि काटा उतरतो का बघायचं, गरम आणि गार लाइन वेगवेगळी. काटा जागचा हलला नाही तर भिंत फोडायचं कारणच उरत नाही.

मात्र ओल स्विचबोर्ड किंवा लाइटच्या पॉइंटपर्यंत गेली असेल तर टेस्ट वगैरे सोडा, आधी त्या खोलीचा एमसीबी पाडा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. प्लास्टर सुटून गंजकी सळई दिसत असेल तर ते प्लंबरचं काम नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. खर्चाचं म्हणाल तर सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामायिक पाइपची आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीनं बघायची, तुमच्या फ्लॅटच्या आतलं तुमचं.

प्रश्न : फ्लश टाकी गळतेय हे कसं ओळखायचं? आवाज तर काहीच येत नाही.
– एक वाचक, पुणे

उत्तर : रात्री झोपताना टाकीत खायचा रंग नाहीतर शाई टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर खालचा रबर वॉशर गेला. तो स्वतः बदलता येतो, जुना सोबत घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा म्हणजे मापाचा घोळ होणार नाही. पाणी मधल्या ओव्हरफ्लोच्या नळीतून जात असेल तर वॉशरला दोष देऊ नका, बॉलकॉकची (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा) पातळी खाली घ्या.

प्रश्न : आमचं स्वतंत्र घर आहे. सगळे नळ बंद करून मीटर बघितला, काटा हलत नाही. म्हणजे गळती नाही ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तसं नाही हो. मीटर टाकीच्या अलीकडे असतो, आणि नळाला पाणी आलेलं नसेल तर तो हलणार कसा? पाणी आलेलं असताना टाकीत जाणारा व्हॉल्व बंद करून बघा, तेव्हा कुठे मीटरपासून टाकीपर्यंतची लाइन तपासली जाते. घरातलं बघायचं तर रात्री गच्चीवरच्या टाकीत पातळीची खूण करा आणि सकाळी पंप लावायच्या, नळ उघडायच्या आधी परत बघा. १००० लिटरची गोल टाकी मीटरभर रुंद धरली तर एक सेंटीमीटर उतरलं म्हणजे जवळपास ८ लिटर गेले. उतरलं असेल तर पुढच्या रात्री बाथरूम-किचनचे व्हॉल्व एकेक करून बंद ठेवा, ज्या रात्री पातळी थांबेल ती लाइन पकडायची.

एक करू नका, जुना अँगल कॉक (बेसिन-फ्लशला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) पाना लावून जोरात पिळू नका. आटे भिंतीतच तुटले तर पाण्याचा फवारा उडतो. मेन व्हॉल्व बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि तो व्हॉल्वच जाम असेल तर प्लंबरकडून आधी तोच बदलून घ्या.