पुण्यात पहिल्यांदा भाड्याचं घर शोधताय?

समजा, तू लातूरहून येतोयस आणि ऑफिस पुण्याच्या आयटी भागात, हिंजवडीत आहे. दोन दिवसांत फ्लॅट पक्का करायचा बेत आधी सोड. पहिला महिना कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एक कॉट भाड्याने घेऊन काढ. मग सकाळी ९ ला आणि संध्याकाळी ७ ला ऑफिसपर्यंत स्वतः ये-जा करून बघ. नकाशावरचे सहा किलोमीटर वाकडच्या पुलापाशी कसे ताणतात ते कळेल. भाडं कमी म्हणून लांब गेलास, तर वाचलेले पैसे पेट्रोल खाऊन टाकतं.

घरात शिरलास की टाइल्स नंतर, आधी नळ सोड. मी पुनावळ्यात फेब्रुवारीत घर भाड्याने घेतलं, पाणी धो धो. एप्रिलमध्ये टँकर सुरू झाले आणि मेंटेनन्ससोबत टँकरची वर्गणीही आली. उन्हाळ्यात टँकर किती येतात हे वॉचमनला विचार. मालक सांगत नाही, वॉचमन सांगतो.

नवखे हमखास फसतात ते इथे:

- नुसतं भाडं धरून बजेट बसवतात. डिपॉझिट आणि एजंटची दलाली, बहुधा एका महिन्याच्या भाड्याइतकी, वेगळी धर.
- घर न बघता टोकन, म्हणजे घर अडवून ठेवायची आगाऊ रक्कम, पाठवतात. "मी फौजी आहे, चावी कुरियरने पाठवतो" म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवून दे.
- नुसत्या नोटरीवर राहतात. ११ महिन्यांचा असला तरी लीव्ह अँड लायसन्स करार (घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा करार) नोंदवावाच लागतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार ती जबाबदारी मालकाची.

सामान आत टाकण्याआधी भिंतींचा व्हिडिओ काढ आणि मालकाला त्याच दिवशी पाठव. रंगाच्या नावाखाली माझ्या डिपॉझिटमधून आठ हजार कापले होते.