बाल्कनीला बारीक भोकांचा पत्रा लावला तर घोडबंदर रोडचा आवाज कमी होईल का?

नाही होणार. गाड्यांच्या आवाजाच्या दृष्टीने तो पत्रा जवळजवळ नसल्यातच जमा.

तुम्ही लिहिलंय की पत्र्याचा ९० टक्के भाग बंद आहे, म्हणजे आवाजही १० टक्केच आत यायला हवा. हा हिशेब उन्हाला लागू पडतो, आवाजाला नाही. ट्रकच्या १०० हर्ट्झच्या घरघरीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते, १००० हर्ट्झची ३४ सेंटिमीटर. भोकांमधल्या अंतरापेक्षा ही लाट कितीतरी मोठी, म्हणून ती एकेका भोकाशी किंवा बंद भागाशी वेगळी वागत नाही. पत्र्यासमोर दाब वाढला की प्रत्येक भोकातली हवा बुचासारखी पुढे सरकते, दाब उतरला की मागे. बंद भागावर आलेला दाबही शेजारच्या भोकातूनच वाट काढतो, आणि पलीकडे निघून ही सगळी हवा मिळून पुन्हा सलग लाट होते.

आवाज अडतो तो वजनामुळे. १ मिमी जाडीचा स्टीलचा पत्रा चौरस मीटरला ७.८ किलो भरतो. त्याला १ मिमीची भोकं पाडून १० टक्के भाग मोकळा केला, की लाटेला पत्रा हलवावाच लागत नाही. अरुंद वाटेतून हवेला दसपट वेगाने जावं लागतं आणि भोकाच्या दोन्ही तोंडांशी थोडी हवा सोबत ओढली जाते, हे धरूनही लाटेवरचं ओझं भरतं चौरस मीटरला जेमतेम २२ ग्रॅम! १००० हर्ट्झपर्यंत घट अर्ध्या डेसिबलच्याही आत. १०,००० हर्ट्झला कुठे ६ डेसिबलच्या आसपास. भोकं १ टक्क्यावर आणली तरी १०० हर्ट्झला १ डेसिबलसुद्धा मिळत नाही. मल्टिप्लेक्सच्या पडद्यालाही अशीच बारीक भोकं असतात, स्पीकर त्याच्या मागे असतात, आणि संवाद कसे खणखणीत येतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मी रबाळे एमआयडीसीत जनरेटरच्या कॅनोपी, म्हणजे आवाज अडवणाऱ्या पेट्या, बनवण्याच्या कामात आहे. कॅनोपीचं दार उघडलं की आत भोकांचा पत्रा दिसतो आणि गिऱ्हाईक समजतं, आवाज हाच अडवतो. तो फक्त मागचं रॉकवूल (दगडापासून बनवलेली लोकर) जागेवर धरतो. आवाज त्यातून आरपार जाऊन रॉकवूलमध्ये जिरावा हीच अपेक्षा. बाहेर जाऊ न देण्याचं काम बाहेरच्या सलग पत्र्याचं. १ मीटरवर ७५ डेसिबलची सरकारी मर्यादा पाळायची तर रॉकवूल आणि सलग पत्रा दोन्ही लागतात, शिवाय दाराचं रबर नीट बसलेलं.

भोकं मिलिमीटरपेक्षा बरीच लहान केली तर मात्र गंमत होते. भोकाच्या कडेला चिकटून राहणारा हवेचा थर १००० हर्ट्झला सुमारे ०.०७ मिमी असतो; भोक त्याच्या काही पटच मोठं असेल तर घर्षणातच आवाजाची बरीच ऊर्जा संपते. चिनी शास्त्रज्ञ दा-यू मा यांनी १९७५ मध्ये याचं गणित मांडलं. पुढे, तेव्हा बॉनमध्ये असलेल्या जर्मन संसदेच्या काचेच्या सभागृहात घुमणाऱ्या आवाजाने ध्वनियंत्रणा कोलमडली, तेव्हा अशाच सूक्ष्म भोकांचे पारदर्शक पत्रे लावून ते सुधारलं. पण त्यामागे बंद पोकळी लागते, आणि ते खोलीतला घुमारा शोषतं. रस्त्यावरून येणारा आवाज त्याने थांबत नाही.

कबुतरांसाठी किंवा उन्हासाठी पत्रा लावायचा असेल तर खुशाल लावा. आवाजासाठी ठेवलेले पैसे बेडरूमच्या खिडकीवर घाला: लॅमिनेटेड काच, आणि स्लायडिंगऐवजी दाबून बंद होणारी, चारही बाजूंनी रबर असलेली झडप.