तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग छडी न वापरता कसा सांभाळावा?

सर, तुम्ही लिहिलंय की जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत नव्याने रुजू झालात. तिसरी आणि चौथी मिळून 34 मुलं तुमच्याकडे आहेत. दिवसभर ‘शांत बसा’ म्हणून घसा बसतो, दोन मुलं सतत मारामाऱ्या करतात आणि शेजारचे सर म्हणतात की छडीशिवाय ही पोरं ऐकायची नाहीत. मी बरीच वर्षं अशाच जोडवर्गावर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक करा. उद्या गोंगाट सुरू झाला की कोण बोलतंय ते शोधू नका, त्या क्षणी मुलांच्या हातात काय काम होतं ते बघा. तीन-चार दिवस हे टिपलंत तर लक्षात येईल की शिकवणं चालू असताना आरडाओरडा फारसा होत नाही. तो होतो एक काम संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या वेळात. वह्या काढताना, वह्या तपासून घेताना, तुम्ही पाठमोरे फळ्यावर लिहीत असताना, चौथीकडे वळलात आणि तिसरीला काम द्यायचं राहून गेलं तेव्हा.

अमेरिकेतल्या जेकब कौनिन या संशोधकाने प्राथमिक शाळांमधल्या तासांचं चित्रीकरण करून नेमका हाच अभ्यास केला होता. 1970 साली त्याने जे मांडलं ते मला आजही तंतोतंत पटतं. मुलाने खोडी केल्यावर शिक्षक कसे रागावतात याने फारसा फरक पडत नाही. ज्यांचे वर्ग नीट चालायचे त्यांचं वेगळेपण खोडी होण्याच्या आधीच्या गोष्टींत होतं. सगळ्या वर्गावर त्यांची नजर असायची आणि एका कामातून दुसऱ्या कामात ते मुलांना खोळंबा न होता नेत असत.

आता तपासणीच्या रांगेचं बघा. तुम्ही पाच गणितं दिलीत. हुशार मुलगी सगळ्यांच्या आधी सोडवते आणि वही घेऊन टेबलाशी येते. तिच्यामागे दुसरा, तिसरा, बघता बघता दहा जण उभे. मागचा पुढच्याला ढकलतो, कोणाच्या पायावर पाय पडतो, ‘सर, हा मला मारतोय’ सुरू होतं. तुमची मान वहीत. पुढे दहा जण उभे असल्यामुळे मागच्या भिंतीपाशी काय चाललंय ते तुम्हाला दिसतच नाही. आणि ज्याला पहिलंच गणित येत नाहीये तो जागेवर बसून शेजाऱ्याच्या दप्तराचा बंद ओढत असतो, कारण त्याच्याकडे करण्यासारखं दुसरं काही उरलेलं नसतं. वर्ग इथे बिघडतो.

माझ्या वर्गात टेबलाशी वही घेऊन यायचं नाही, असा नियम आहे. पेन घेऊन मीच ओळींमधून फिरते आणि सुरुवात ज्यांना अडतं त्यांच्यापासून करते. ज्याचं झालं त्याने पुढे काय करायचं ते फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात आधीच लिहिलेलं असतं: जोडीदाराशी उत्तरं ताडून बघ, मग वाचनकोपऱ्यातलं पुस्तक घे. ‘बाई, झालं, आता काय करू?’ हा प्रश्न बंद झाला की निम्मा आवाज कमी होतो.

जोडवर्गात तासाची पहिली पाच मिनिटं फार मोलाची असतात. चौथीला भागाकार शिकवायचा असेल तर आधी तिसरीला असं काम लावा जे त्यांना तुमच्या मदतीशिवाय जमेल आणि वीस मिनिटं पुरेल. नवीन काही देऊ नका, काल शिकवलेल्याचा सराव द्या. ते लिहायला लागले याची खात्री करूनच चौथीकडे वळा. आणि चौथीला ‘शिवछत्रपती’ शिकवताना तिसरीकडून लेखनाची अपेक्षा ठेवूच नका. प्रतापगडाची गोष्ट चालू असताना कुठलं मूल बेरजा करत बसेल? त्या तासाला दोन्ही वर्गांना एकत्र बसवा, सगळ्यांनी ऐकावं. नंतर चौथीने प्रश्न सोडवावेत, तिसरीने गडाचं चित्र काढावं. बसायची व्यवस्थाही त्याप्रमाणे बदला. दोन वर्ग पाठीला पाठ लावून बसवले तर तुम्ही एकीकडे असताना दुसरीकडचं काहीच दिसत नाही. मी मुलांना काटकोनात बसवते आणि कोपऱ्यात उभी राहते, म्हणजे दोन्ही गट नजरेत राहतात.

‘शांत बसा’ हे शब्द मात्र सोडून द्या. आपण ओरडलो की आपल्या आवाजावर मात करण्यासाठी मुलं आणखी मोठ्याने बोलतात. एक ठेका ठरवून घ्या. मी दोन सावकाश आणि तीन जलद टाळ्या वाजवते, मुलं तोच ठेका परत वाजवतात आणि हात मांडीवर ठेवतात. त्यानंतर पूर्ण शांतता झाल्याशिवाय एक शब्दही बोलायचा नाही, आणि बोलताना आवाज नेहमीपेक्षा खाली ठेवायचा. हे अंगवळणी पडेपर्यंत रोज खेळ म्हणून सराव घ्यावा लागतो, अगदी परिपाठ संपल्यावर लगेच. एखादाच मुलगा बोलत असेल तर त्याचं नाव घेऊ नका, शिकवत शिकवत त्याच्याजवळ जाऊन उभे राहा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचं काम मॉनिटरला देण्याची पद्धत सगळीकडे आहे, पण मला ती अजिबात पसंत नाही. नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात आपण पोलिसाचं काम देतो. मग मैत्रीतल्यांची नावं गळतात, भांडणातल्यांची चढतात आणि मोठ्या सुट्टीत त्याचा हिशोब मैदानावर होतो. त्यापेक्षा कामं वाटा. फळा पुसणं, वह्या वाटणं, दारातल्या चपला ओळीत लावणं, पाण्याच्या पिंपाचं झाकण बघणं. आठवड्याला कामं बदला आणि तुमच्या त्या दोन मुलांना मुद्दाम जागेवरून उठावं-फिरावं लागेल अशी कामं द्या. त्यांच्या अंगात चळवळ आहे, ती कुठेतरी निघणारच.

किरकोळ गोष्टींचाही बंदोबस्त करून ठेवा. ‘बाई, पेन्सिल नाही’ यासाठी एका डब्यात टोक काढलेल्या पेन्सिली ठेवल्यात, घ्यायच्या आणि जाताना परत टाकायच्या. ‘बाई, एकी’ यासाठी दाराजवळ खिळ्याला एक पुठ्ठा टांगलाय. तो उलटा करून जायचं, आल्यावर सुलटा करायचा. पुठ्ठा उलटा असेल तर दुसऱ्याने थांबायचं. मला कोणी विचारत नाही आणि माझं शिकवणं तुटत नाही. खिचडी खाऊन आल्यावर लगेच गणित घेऊ नका, हालचालींसह एक-दोन कविता घ्या.

प्रश्न विचारतानाही थोडं थांबा. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक. त्यांनी वर्गांमधल्या संवादांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच वाट बघतात. ती वाट तीन सेकंदांपर्यंत गेली की जास्त मुलं बोलू लागतात आणि उत्तरंही मोठी येतात. मराठी घरात न बोलणाऱ्या मुलांसाठी, म्हणजे घरी पावरी, कोरकू किंवा गोरमाटी बोलणाऱ्यांसाठी, हा वेळ फारच महत्त्वाचा. त्यांना प्रश्न समजून घ्यायलाच जास्त वेळ लागतो. आपण घाई केली तर तेच चार चुणचुणीत हात वर येतात आणि बाकीची मुलं आपापला उद्योग शोधतात. ऊसतोडीवरून परतलेल्या मुलांचंही तसंच. दिवाळीनंतर गेलेलं मूल हंगाम संपल्यावर वर्गात येतं तेव्हा फळ्यावरचं त्याला परकं झालेलं असतं. ते दंगा करतंय असं वाटतं, पण त्याला सुटलेल्या भागाचं वेगळं काम दिलं की ते मान खाली घालून तासभर लिहीत बसतं, हे मी पाहिलंय.

आता छडीबद्दल. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी घातली आहे. त्यामुळे मारणं तर नाहीच, सगळ्यांसमोर अंगठे धरून उभं करणं आणि टाकून बोलणंही नाही. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. आपल्या शाळांमध्ये शिक्षकाला वर्ग सोडून उठावंच लागतं. कधी ऑनलाइन माहिती भरायची असते, कधी केंद्रप्रमुखांचा फोन, कधी पोषण आहाराचा तांदूळ उतरवून घ्यायचा असतो. कधी जोडीदार शिक्षक प्रशिक्षणाला जातात आणि चारही वर्ग एकट्यावर येतात. धाकाने गप्प बसलेला वर्ग तुम्ही उंबरा ओलांडताच उठतो. ज्या वर्गाला पुढचं काम माहीत आहे तो चालू राहतो.

त्या दोन मुलांच्या पालकांना इतक्यात शाळेत बोलावू नका. रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस बुडतो आणि राग संध्याकाळी मुलावर निघतो. त्यापेक्षा तुम्हीच एकदा त्यांच्या घरी जा आणि मुलाची एक चांगली, खरी गोष्ट सांगून या. मारामारीचा विषय पुढच्या भेटीत काढा. तोवर ते दोघं कुठल्या तासाला, कुठल्या कामाच्या वेळी आणि कोणाशेजारी बसलेले असताना भिडतात ते आठवडाभर लिहून ठेवा आणि इथेच खाली टाका. मग त्यांच्याबद्दल नेमकं काहीतरी सुचवता येईल.