अमेरिकेत एवढ्या सोयी असून शाळेत गाजलेले लांब पल्ल्याचे धावपटू पुढे जातात कुठे?

सोयी कमी पडत नाहीत हो, पोरांवर हक्क सांगणारे जास्त पडतात.

आमची लेक इलिनॉयमध्ये शाळेकडून क्रॉस कंट्री (म्हणजे माळरानावरची लांब शर्यत) आणि ट्रॅक पळाली. त्यामुळे मला या विषयावर तटस्थपणे लिहिता येणार नाही, आणि लिहायचंही नाही. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुमची भाची न्यू जर्सीत नववीत आहे, पहिल्याच मोसमात शाळेच्या व्हार्सिटी, म्हणजे मुख्य, संघात आली आणि घरात आता ऑलिंपिकच्या गप्पा सुरू झाल्यात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, एवढंच म्हणते आणि पुढे जाते.

चौदा ते अठरा शाळेचा कोच, अठरा ते बावीस कॉलेजचा कोच, त्यानंतर एखाद्या बुटांच्या कंपनीने उचललंच तर तिचं कंत्राट. प्रत्येकाला निकाल आपल्याच कारकिर्दीत हवा. दहा हजार मीटर किंवा मॅरेथॉन पळणारा माणूस खऱ्या अर्थाने तयार होतो पंचविशी उलटल्यावर. त्या वयाची काळजी सोळाव्या वर्षी वाहणारं या साखळीत कुणी नाही. आईबापांनी वाहावी, तर ते स्टेट मीटला, म्हणजे राज्य स्पर्धेला, दोरीला लटकून किंचाळण्यात गुंग.

शाळेचं वेळापत्रक बघा. ऑगस्टच्या उकाड्यात क्रॉस कंट्री सुरू होते, नोव्हेंबरमध्ये स्टेट. आमच्याकडे ती पिओरियाच्या डेटवायलर पार्कात होते, तीन मैलांची. तिथे १९७२ मध्ये क्रेग व्हर्जिन नावाच्या शाळकरी पोराने लावलेला १३:५०.६ चा विक्रम थेट २०१९ पर्यंत टिकला. हाच व्हर्जिन पुढे १९८० आणि १९८१ साली जागतिक क्रॉस कंट्री जिंकला. त्याच्यानंतर एकाही अमेरिकन पुरुषाला ते जमलेलं नाही. असो. स्टेट झाली की थंडीत इनडोअर, मार्चपासून आउटडोअर. कॉन्फरन्सच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, मीटला चांगली पोर एकाच दिवसात सुरुवातीला ४ गुणिले ८०० रिले, मध्ये ३२०० आणि शेवटी १६०० पळते, कारण प्रत्येक शर्यतीचे गुण शाळेला हवे असतात. कॉलेजात हेच तीन मोसम, फक्त अंतरं मोठी आणि कोचची नोकरी पणाला लागलेली.

क्रॉस कंट्रीत सात पळतात आणि पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज धरतात. बेरीज कमी तो संघ वर. म्हणजे संघाचं नशीब पहिल्या नंबरच्या पोरीपेक्षा पाचवीच्या हातात जास्त असतं. ती लंगडत आली तरी चालतं, पण आली पाहिजे. आमची लेक पाचवी होती.

दहावीच्या हिवाळ्यात तिचे वेळ धडाधड उतरले. सगळे खूश. मला मात्र संध्याकाळी तिची बॅग उचलली की डब्याचं वजन कळायचं. सकाळी दिलेल्या दोन पोळ्या, भाजी, शेंगदाण्याचा लाडू, सगळं तसंच परत. विचारलं तर म्हणायची, लंचला वेळच मिळत नाही. मग कळलं की पाळी चार महिने आलेली नाही. मी कोचला भेटले. माणूस सज्जन, वर्गात इतिहास शिकवायचा, मुलांसाठी शनिवार-रविवार घालवायचा. तो हसून म्हणाला की ट्रेनिंग चांगलं चाललं की बऱ्याच मुलींचं असं होतं, घाबरू नका, तिचे वेळ बघा ना!

वेळ बघायला आमच्या घरात वेगळा माणूस होता. आमचे भाऊजी, म्हणजे धाकटे दीर. पुण्यात कॉलेजला असताना स्वतः पंधराशे पळायचे, आता नेपरव्हिलला आयटीत आहेत. पुतणीच्या प्रत्येक शर्यतीचा प्रत्येक लॅप त्यांच्या एक्सेलमध्ये. त्यात एक रेघ होती, खाली खाली जाणारी, आणि ती पुढे ठिपक्या-ठिपक्यांनी बारावीपर्यंत ओढलेली. त्या ठिपक्यांच्या टोकाला कॉलेजची फुल स्कॉलरशिप.

मार्चमध्ये तिची डावी नडगी दुखायला लागली. जिना उतरताना ती कठड्याला धरून एक एक पायरी उतरायची, आणि सरावाला मात्र पळायची. मी उचलून डॉक्टरांकडे नेली. रक्तात फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फक्त ९. एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे अति ताणाने पडलेली बारीक चीर. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं: पळण्याचा खर्च मोठा आणि खाणं अपुरं असेल तर शरीर आधी पाळी बंद करतं आणि मग हाडांतून उचल घ्यायला लागतं. हाडं भरायची वर्षं हीच असतात, ती पुन्हा येत नाहीत. या प्रकाराला ऑलिंपिक समितीने २०१४ पासून रेड-एस असं नाव दिलेलं आहे, म्हणजे ही काही माझ्या डोक्यातली भीती नव्हती. मी त्याच दिवशी कोचला मेल टाकला की ट्रॅकचा पूर्ण मोसम ती पळणार नाही, आणि पाळी नियमित होईपर्यंत क्रॉस कंट्रीचंही विचारू नका.

पाडव्याला सगळे आमच्याकडे जेवायला. भाऊजींनी पानावरच विषय काढला. "वहिनी, तुम्ही पोरीचं करिअर संपवलंत." आमचे हे नेहमीप्रमाणे श्रीखंडाच्या वाटीत बघत बसले. भाऊजींचं म्हणणं, हे वय गेलं की गेलं, जे मोठे झाले ते सगळे शाळेतच दिसले होते. आणि मग नावं. जिम रायन. ॲलन वेब. डेथन रिट्झेनहाइन. रायन हॉल.

मला त्या वेळी यातलं एकही नाव धड माहीत नव्हतं. म्हणून रात्री बसून एकेकाचं पुढे काय झालं ते वाचून काढलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर तिथेच आहे.

जिम रायन १९६४ मध्ये शाळेत असताना चार मिनिटांच्या आत मैल पळाला, असं करणारा पहिला शाळकरी मुलगा. एकोणिसाव्या वर्षी मैलाचा विश्वविक्रम. १९६८ ला मेक्सिको ऑलिंपिकात पंधराशेचं रौप्य. आणि १९६९ मध्ये, बावीस वर्षांचा असताना, भर शर्यतीतून तो ट्रॅक सोडून बाहेर पडला. पळणंच नको झालं होतं. पुढे परत आला, पण १९७२ ला म्युनिक ऑलिंपिकात प्राथमिक फेरीत पडला. सुवर्ण कधीच नाही.

वेबने २००१ मध्ये रायनचा मैलाचा ३६ वर्षं जुना शालेय विक्रम मोडला, ३:५३.४३. अख्ख्या देशाने डोक्यावर घेतला. कॉलेज एका वर्षात सोडलं, व्यावसायिक झाला, २००४ ला अथेन्समध्ये पहिल्याच फेरीत बाहेर. २००७ मध्ये ३:४६.९१ पळून अमेरिकेचा विक्रम केला, तो २०२३ पर्यंत टिकला. त्यामुळे त्याला वाया गेला म्हणायची माझी हिंमत नाही. पण दुसरं ऑलिंपिक त्याला मिळालं नाही. रिट्झेनहाइनची कारकीर्द एका स्ट्रेस फ्रॅक्चरमधून दुसऱ्यात गेली. हॉल बॉस्टन मॅरेथॉन २:०४:५८ मध्ये पळाला आणि तेहतिसाव्या वर्षी, थकवा जाईना म्हणून, निवृत्त झाला. गंमत म्हणजे हे तिघं एकाच सुमाराला शाळेत गाजत होते, आणि त्याच २००० साली सिडनीच्या ऑलिंपिक मॅरेथॉनला अमेरिकेकडून एक पुरुष आणि एक बाई, बस्स.

मुलींची गोष्ट तर भाऊजींनी काढलीच नव्हती, ती मी काढली. मेरी केन २०१३ मध्ये, सतरा वर्षांची असताना, मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत पंधराशेच्या अंतिम फेरीत पळाली. नंतर देशातल्या सगळ्यात श्रीमंत ट्रेनिंग ग्रुपमध्ये गेली. २०१९ मध्ये तिने न्यू यॉर्क टाइम्समधून जाहीर सांगितलं की तिथे वजन उतरवायचा सतत धोशा होता, तीन वर्षं पाळी नव्हती, पाच हाडं मोडली. मी ते भाऊजींना पाठवलं. त्यांनी अंगठा पाठवला.

मुलगा वाढला की त्याला आयता स्नायू मिळतो. मुलीचं शरीर त्याच वयात बाईचं व्हायला लागतं, एक-दोन वर्षं वेळ अडकतात किंवा वाढतात, आणि थांबलं तर पुढे पुन्हा उतरतात. इथला मोसम ती दोन वर्षं द्यायला तयार नसतो. उपाशी राहून बारा वर्षांचं अंग टिकवणारी पोर तेवढ्या काळात जिंकते, म्हणून बाकीच्या तिच्याकडे बघून डबा परत आणतात. हे कोच शिकवत नाही. पण तो थांबवतही नाही.

आता स्कॉलरशिप, कारण भाऊजींचा हा हुकमी पत्ता. कॉलेजच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनला २०२५ मध्ये नियम बदलेपर्यंत एका कॉलेजच्या मुलांच्या संघाला १२.६ आणि मुलींच्या संघाला १८ स्कॉलरशिप वाटायची मुभा होती. त्यात क्रॉस कंट्री, स्प्रिंट, उड्या, गोळाफेक, सगळे आले. शाळेच्या पाचव्या नंबरच्या पोरीसाठी त्यात फुल स्कॉलरशिप कुठून येणार होती, हे एक्सेलमध्ये कुठल्या कॉलममध्ये होतं ते मला अजून कळलेलं नाही. लेक पुढे डिव्हिजन थ्रीच्या एका छोट्या कॉलेजात गेली, तिथे खेळासाठी पैसे देतच नाहीत. चारही वर्षं पळाली, हाड एकही मोडलं नाही. आता शिकागोत नोकरी करते आणि मिशिगन सरोवराच्या कडेने हाफ मॅरेथॉनची तयारी करते. भाऊजी याला हौस म्हणतात. म्हणू देत.

उशिरा पिकलेली उदाहरणं हवी असतील तर दीना कॅस्टर. कॉलेजात एकदाही राष्ट्रीय विजेती नाही. तिथून बाहेर पडल्यावर कोलोरॅडोत अलामोसाला, साडेसात हजार फुटांवर, जो व्हिजिल या म्हाताऱ्या कोचकडे गेली आणि २००४ ला अथेन्सच्या मॅरेथॉनमध्ये कांस्य. आणि आपला अविनाश साबळे. माझं माहेर नगरचं, त्याचं मांडवा आष्टी तालुक्यातलं, म्हणजे शेजारचाच. बारावी करून फौजेत गेला, सियाचीनला राहिला, आणि स्पर्धेचं पळणं सुरू झालं विशीनंतर. २०२२ च्या राष्ट्रकुलात ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांच्या शर्यतीत) ८:११.२० वेळेत रौप्य, सुवर्ण सेकंदाच्या ५ शतांशांनी हुकलं. सरावाला कुठे गेला होता? कोलोरॅडो स्प्रिंग्सला, अमेरिकन कोचकडे. म्हणजे ज्ञान, उंचावरची हवा, मैदान सगळं इथे आहेच. फरक एवढाच की तो शाळेच्या कोचच्या हाती न लागता इथे पोचला.

आता प्रामाणिकपणे दोन गोष्टी, नाहीतर भाऊजी खाली कमेंट टाकतील. एक, तुमच्या प्रश्नातलं चित्र थोडं जुनं आहे. पॅरिसला २०२४ मध्ये कोल हॉकरने पंधराशेचं सुवर्ण घेतलं ३:२७.६५ मध्ये, ग्रँट फिशरने पाच आणि दहा हजार दोन्हींत कांस्य. आणि हे दोघंही शाळेत असताना फूट लॉकरची, म्हणजे शाळकरी मुलांची, राष्ट्रीय क्रॉस कंट्री जिंकलेले. मॉली साइडलही तीच जिंकून आली आणि टोकियो ऑलिंपिकात मॅरेथॉनचं कांस्य घेऊन गेली. तेव्हा शाळेत जिंकला म्हणजे संपलाच असं नाही. पण फिशर शाळेत सॉकरही खेळायचा, बारा महिने पळत नव्हता, हे भाऊजी सांगत नाहीत. दोन, त्या रिट्झेनहाइनने पुढे कोचिंग सुरू केलं आणि पॅरिसला त्याचाच यारेड नुगूस पंधराशेत कांस्य घेऊन आला. स्वतःची हाडं मोडलेली माणसं आता कोच झाली आहेत, म्हणून सुधारणा होतेय, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही. केनियाची तुलना मुद्दाम करत नाही, उंचावरची हवा आणि जीन्सवर इथे ढीगभर उत्तरं पडली आहेत.

भाचीचं म्हणाल तर स्टेट वगैरे राहू द्या. वर्षातल्या तीन मोसमांतला एक सोडा, शक्यतो इनडोअर, आणि त्या काळात तिला पोहू दे, बास्केटबॉल खेळू दे. एका मीटमध्ये एकच लांब शर्यत. कोचला हे मोसमाच्या आधी लेखी कळवा, मैदानावर तोंडी नको. वर्षातून दोनदा रक्त तपासा, त्यात फेरिटिन मुद्दाम लिहायला सांगा, नुसत्या हिमोग्लोबिनवर समाधान मानू नका. पाळी तीन महिने चुकली तर पळणं बंद आणि डॉक्टर, मग पुढच्या शनिवारी स्टेट का असेना. कोचने हसून उडवलं तर शाळेतल्या ॲथलेटिक ट्रेनरकडे, म्हणजे दुखापती बघणारीकडे, जा. तिचा पगार शर्यतीच्या निकालावर ठरत नाही. आणि हे सगळं मामाने आत्ताच भाचीच्या आईशी बोलावं, संघाचं जॅकेट घरी यायच्या आत. ते एकदा खुर्चीच्या पाठीवर लटकलं की घरात कुणी ऐकत नाही.