मी काय धावपटू आहे का?

प्रश्न : मॅडम, मी एसटीत कंडक्टर आहे. वय ४३. आठ महिने झाले, डाव्या टाचेत कळ येते. सकाळी पलंगावरून पाय टेकवला की खिळा घुसल्यासारखं होतं. दहा-वीस पावलं चालले की कमी होतं, आणि ड्युटी संपता संपता परत ठणका. एक्स-रे बघून 'टाचेचं हाड वाढलंय' म्हणाले. दोनदा इंजेक्शन घेतलं, दोन्ही वेळा महिना-दीड महिनाच बरं वाटलं. 'आराम करा' असं सगळेच म्हणतात, पण रजा कुठून आणू? पोलीस भरतीची तयारी करणारा भाचा म्हणतो, 'मावशी, खेळाडूंचे पाय बघतात त्यांना दाखव.' मला हसूच आलं. मी काय धावपटू आहे का? काही उपयोग होईल, की उगं पैसे जातील?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ताई, भाच्याला माझ्याकडून चहा पाजा. बरोबर सांगतोय तो.

लातूरला माझ्या क्लिनिकच्या बाकावर सकाळी भरतीची पोरं नडगी धरून बसलेली असतात. १६०० मीटरची वेळ कमी करायच्या नादात रोज पळून पळून दुखवलेली. त्यांच्या शेजारी मार्केट यार्डातला हमाल असतो, मेस चालवणाऱ्या काकू असतात. मी तिघांनाही तेच प्रश्न विचारते. पाय आणि घोटा एवढंच बघणाऱ्या तज्ज्ञाला पोडियाट्रिस्ट म्हणतात. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात ती वेगळी पदवी आहे. आपल्याकडे तशी पाटी क्वचित दिसते. ते काम हाडांचे डॉक्टर, खेळाडूंचे फिजिओ आणि बुटातले आधार बनवणारे ऑर्थोटिस्ट वाटून घेतात.

खेळाडूला 'आराम करा' सांगून भागत नाही, कारण रविवारी सामना असतो. म्हणून खेळाडूंचे पाय बघणाऱ्यांनी पायावरचा भार मोजायला आणि थोडा थोडा वाढवायला शिकून घेतलं. मी स्वतः कॉलेजात खो-खो खेळायचे. घोट्यामागची शीर, म्हणजे पोटरी टाचेला बांधणारा जाड दोर, दुखायला लागली तेव्हा तीन महिने झोपून काढले, आणि मैदानात उतरल्यावर चौथ्या दिवशी परत तिथंच. शीर बरी झाली नव्हती, नुसती मऊ पडली होती. १९९८ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी अशाच दुखऱ्या शिरांच्या हौशी धावपटूंकडून बारा आठवडे टाच खाली सोडण्याचा जड व्यायाम करून घेतला, आणि ते परत धावायला लागले. २०१४ मध्ये डेन्मार्कमध्ये तुमच्यासारख्या टाचदुखीच्या ४८ रुग्णांचे दोन गट करून तीच कल्पना एका गटावर वापरली. तीन महिन्यांनी त्यांना नुसता तळवा ताणण्याचा व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा जास्त आराम होता. वर्षभरानं दोन्ही गट सारखे झाले, हेही सांगायला हवं. पण ज्याला रोज ड्युटीवर उभं राहायचंय, त्याला ते नऊ महिने लवकर मिळाले तर हवेच असतात.

तुम्ही आलात तर मी एक्स-रेच्या आधी तुमची जुनी चप्पल मागेन. टाचेची कुठली कड झिजलीय, मध्ये वाटीसारखा खड्डा पडलाय का, ते बघेन. मग विचारेन : दिवसाला फेऱ्या किती? त्यातल्या किती तासांत बसायला मिळतं? आणि घरी आल्यावर पायात काय असतं? या शेवटच्या प्रश्नाला निम्म्या बायका हसतात. काहीच नसतं. दिवसभर गाडीच्या पत्र्यावर उभं राहून आलेली टाच रात्री शहाबादी फरशीवर अनवाणी भाकऱ्या थापते. घरात घालायला जाड, मऊ टाचेची वेगळी चप्पल आजच घ्या.

'हाड वाढलंय' हे मनातून काढून टाका. तसं टोक एक्स-रेत दिसणाऱ्या कितीतरी लोकांना काहीच दुखत नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून दुखणं टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळव्याच्या पट्ट्याचं वाटतं. तिसरं इंजेक्शन मात्र सहज म्हणून घेऊ नका. वारंवार घेतल्यानं तो पट्टा तुटू शकतो, टाचेखालची चरबीची गादीही पातळ होऊ शकते.

व्यायाम असा. घरातल्या पायरीच्या कडेवर पावलाचा पुढचा भाग ठेवायचा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, म्हणजे बोटं वर वळतात. भिंतीला हात. तीन सेकंदांत टाचा वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत पायरीच्या खाली. आधी दोन्ही पायांवर, जमलं की एका. बारा वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. पटपट उरकलंत तर फायदा नाही. करताना दहापैकी चार-पाच दुखलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं पाऊल आदल्या दिवसापेक्षा वाईट पडलं, तर पुढच्या वेळी एक फेरा कमी. कॅलेंडरवर रोज त्या पहिल्या पावलाला दहापैकी आकडा द्या. तीच तुमची स्कोअरशीट.

पैशांचं म्हणाल तर संगणकावर पाय छापून हजारोंचे इनसोल विकणारे भेटतील. साध्या टाचदुखीत तयार मिळणारे बहुतेकांना तितकेच उपयोगी पडतात. आधी ते वापरून बघा. रात्री झोपेतही दुखत असेल, तळव्याला मुंग्या येत असतील किंवा सकाळी कंबरही बराच वेळ आखडत असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून आधी तपासून घ्या. आणि साखर तपासली नसेल तर तीही.

प्रश्न : वडिलांना बारा वर्षं मधुमेह आहे. कोजागिरीला तुळजापूरला अनवाणी चालत जायचा हट्ट धरून बसलेत. कसं समजावू?
— एक वाचक, धाराशिव

उत्तर : आधी समजावू नका, तपासा. त्यांना डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट व करंगळी यांच्या टोकांना बोटानं हलकेच शिवा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर संवेदना कमी झालीय असं धरा. म्हणजे काटा रुतला, फोड फुटला तरी त्यांना पत्ता लागणार नाही. मग हट्ट कितीही असो, अनवाणी नाही. शक्यतो लांबची पायपीटही नाही. डॉक्टरांनी पाय बघून होकार दिला तरच. सहाही कळले, तरी रोजचं चालणं आठवड्या-आठवड्यानं वाढवत न्या, शिवण न टोचणारे मोजे आणि रुळलेले बूट घाला, दर विसाव्याला मोजे काढून तळवे तुम्ही बघा. त्यांना वाकून दिसत नाही. देवीच्या पायरीशी बूट काढतील, तेवढंच अनवाणी.