‘ये की’ आणि ‘कॉम दोख’: जर्मन शिकायला जर्मनीत येऊ पाहणाऱ्या एकीला

ताई म्हणालीस, बरं वाटलं. सात वर्षं इथे ‘फ्राउ’ (म्हणजे श्रीमती) लावून आडनावानं हाक ऐकतेय, ती अजून दुसऱ्याच कुणाला मारल्यासारखी वाटते.

तुझे प्रश्न असे: पुण्यात टी.वाय.बी.ए.ला आहेस, स्पेशल जर्मन, भाषेची बी-२ पातळी झालीय, आतापर्यंत ६४ टक्के आहेत. पुढे जर्मनीत येऊन एम.ए. करायचंय. घरचे म्हणतात, इंजिनिअरिंगवाली मुलं जातात ते समजतं, पण भाषा शिकायला तिकडं कशाला? ती तर इथे शिकतेच आहेस. आणि नोकरी काय लागणार? शेवटी घाईघाईत एक ओळ तुझी स्वतःची: “मला तिथे जमेल का?” क्रमानं उत्तर देत नाही. मला जे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं, ते आधी.

पहिली गोष्ट, इथे कुणी तुला जर्मन शिकवणार नाही. ती येते असं धरूनच चालतात. ‘गेर्मानिस्टिक’ला, म्हणजे जर्मन भाषा-साहित्याच्या अभ्यासाला प्रवेश घेतलास तर पहिल्याच सत्रात कदाचित ‘निबेलुंगेनलीड’ हे जुनं महाकाव्य समोर येईल. त्यातलं बाराव्या-तेराव्या शतकातलं जर्मन आजच्या जर्मन मुलांनाही सरळ वाचता येत नाही. आपल्याला ज्ञानेश्वरी वाचताना होतं तसं. दुसरी वाट म्हणजे ‘डॉइच आल्स फ्रेम्डश्प्राखं’, परकी भाषा म्हणून जर्मन शिकवण्याचं शास्त्र. सगळे त्याला ‘डाफ’ म्हणतात. तिसरी, ‘इंटरकुल्टुरेल गेर्मानिस्टिक’, म्हणजे दोन संस्कृतींच्या मधून जर्मनकडे बघणं, त्यासाठी बायरॉइट विद्यापीठाचं नाव आहे. मी लाइपझिशला (आपण लाइपझिग म्हणतो ते) डाफ केलं, हेर्डर इन्स्टिट्यूटमध्ये. पूर्व जर्मनीच्या काळात, १९५६ साली, परदेशी विद्यार्थ्यांना जर्मन शिकवायला ही संस्था सुरू झाली. माझं स्पष्ट मत: साहित्यात जीव अडकला असेल आणि पीएच.डी.पर्यंत जायची तयारी असेल तरच गेर्मानिस्टिक. शिकवायचं असेल तर डाफ.

एक बरं आहे की तुझा स्पेशल विषयच जर्मन आहे. रानडे इन्स्टिट्यूटचा जर्मनचा डिप्लोमा आणि बी.कॉम. अशी जोडी घेऊन अर्ज करणारे मी बरेच पाहिलेत. त्यांना ‘पदवी विषयाशी संबंधित नाही’ एवढं एक ओळीचं उत्तर येतं. भाषा कितीही चांगली असो.

टक्क्यांचं बघ. इथे १.० सर्वांत वर, ४.० म्हणजे काठावर पास. आपले मार्क बदलताना बहुतेक ठिकाणी एकच सूत्र वापरतात: १०० मधून तुझे टक्के वजा, त्याला ३ नं गुण, मग १०० वजा पासिंगच्या फरकानं भाग, त्यात १ मिळव. पासिंग ४० धरलं तर तुझे ६४ म्हणजे २.८. बऱ्याच एम.ए.ना २.५ किंवा त्याहून चांगला ग्रेड लागतो, त्याला ७० टक्के हवेत. म्हणजे शेवटच्या दोन सेमिस्टरमध्ये जीव ओत. ‘भाषेची परीक्षा झाली की बी.ए.चे मार्क कोण बघतंय’ असं पुण्यात सर्रास बोलतात. बघतात.

आणि सी-१, म्हणजे बी-२ च्या पुढची पातळी, पुण्यातच करून ये. विद्यापीठाला टेस्टडाफ या भाषापरीक्षेच्या चारही भागांत चार किंवा डी.एस.एच. या दुसऱ्या परीक्षेत पातळी २ लागते. ‘तिथे गेल्यावर भाषा आपोआप सुधारेल’ हेही खरं नाही. वसतिगृहात तू भारतीयांबरोबर राहशील, हिंदी सुधारेल.

आता तुझ्या त्या शेवटच्या ओळीकडे येते.

माझा पहिला तास. वेळापत्रकात ‘१० सी.टी.’ लिहिलेलं. मी आपली दहाला दहा कमी असताना हजर, वर्गात कुत्रं नाही. सव्वादहाला सगळे आले. सी.टी. असेल तर तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो, ही इथली जुनी रीत. तास संपल्यावर अचानक सगळ्यांनी बोटांच्या पेरांनी बाकावर ठकठक सुरू केली. मला वाटलं, निषेध करतायत. ती शाबासकी होती.

ही गंमत झाली. खरा दणका बसला तो पहिल्या ‘हाउसआर्बाइट’ला. सेमिनारनंतर पंधरा-वीस पानांचा निबंध लिहून द्यायचा असतो, महिना-दोन महिने मिळतात. मी पुण्याच्या सवयीनं लिहिला: अमुक विद्वान असं म्हणतो, तमुक तसं म्हणतो, दोघांचंही महत्त्व आहे. व्याकरणाची चूक शोधून सापडली नसती. निबंध परत आला तेव्हा समासात शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात तीन-चार ठिकाणी एकच प्रश्न होता: “आणि तुमचं म्हणणं काय?” शेवटच्या पानावर २.७. मी त्या दिवशी ट्रामचे दोन स्टॉप पुढे गेले, कळलंच नाही.

माझं म्हणणं? आपल्याला आजवर कुणी विचारलं होतं का? पंधरा वर्षं आपण ‘सविस्तर उत्तरे लिहा’ करत आलो.

पुढच्या सत्रात व्याकरणाच्या सेमिनारमध्ये जर्मनमधले ते छोटे शब्द आले: दोख, माल, या, हाल्ट. वाक्याचा अर्थ बदलत नाहीत, पण सूर बदलतात. तुलाही ते छळत असणार, पुस्तकात त्यांना धड अर्थच दिलेला नसतो. वर्गात एक कोरियन, दोन इटालियन, बाकी जर्मन. बाई विचारत होत्या की ‘कॉम!’ आणि ‘कॉम दोख!’ यांत फरक काय, आणि जर्मन मुलांनाच सांगता येईना. “असंच... जरा मऊ आहे,” असं काहीबाही. माझ्या तोंडून निघून गेलं, “आमच्याकडे आहे हे.” मग फळ्यापाशी जावं लागलं. ‘ये’ म्हणजे कॉम. ‘ये की’ म्हणजे कॉम दोख. मी कोल्हापूरची; ‘की’शिवाय आमचं वाक्य बसत नाही. ‘दार लाव जरा’मधला ‘जरा’ म्हणजे ‘माल’, वेळेशी किंवा प्रमाणाशी त्याचा काही संबंध नाही. ‘तुला माहीतच आहे की’मधला ‘च’ आणि ‘की’ मिळून ‘या’. आणि ‘तू येणार नाहीस?’ या नकारार्थी प्रश्नाला जर्मनमध्ये नुसतं ‘दोख!’ म्हणतात, आपण काय म्हणतो? ‘येणार की!’ बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवून विचारलं, यावर मराठीत कुणी लिहिलंय? मला ठाऊक नव्हतं. पुढे माझा एम.ए.चा प्रबंध त्याच विषयावर झाला.

हे फुशारकीसाठी सांगत नाही. तुझ्याकडे असलेलं भांडवल तुला दिसत नाहीय म्हणून सांगतेय. जर्मनमध्ये देर, दी, दास अशी तीन लिंगं. आपल्याकडे तो, ती, ते. हिंदीवाल्यांना नपुंसकलिंगाशी झगडावं लागतं, तुला निदान कल्पना नवीन नाही (शब्द पाठ करावेच लागतात, ‘मुलगी’ जर्मनमध्ये नपुंसकलिंगी आहे). ‘मला थंडी वाजते’ला इंग्रजीत ‘मी’ लागतो. जर्मनमध्ये ‘मिअर इस्ट काल्ट’, म्हणजे चतुर्थीच. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, आपलं तर नेहमीच शेवटी. आपण जर्मन शिकतो ते इंग्रजीच्या खांद्यावरून वाकून. तो खांदा सोड. मराठीतून थेट बघ.

आता संस्कृतीचं. ब्रेड, बिअर आणि ख्रिसमसचा बाजार हे सगळं पहिल्या आठवड्यात संपतं. मला खरी संस्कृती समोरच्या घरातल्या आजींकडून कळली. सत्तरी ओलांडलेल्या, इंग्रजीचा गंध नाही, रशियन मात्र येतं. पूर्व जर्मनीत शाळेत पाचवीपासून सक्तीचं होतं. बोलतात झाक्सन (सॅक्सनी) या इथल्या प्रांताची बोली, त्यात ‘पोस्ट’चं ‘बोस्ट’ होतं. माझं सी-१ पहिले तीन महिने त्यांच्यापुढे हात जोडून उभं होतं. ९ ऑक्टोबर १९८९ ला निकोलाई चर्चपासून सत्तर हजारांच्या आसपास लोक पूर्व जर्मनीच्या सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरले, हे मी पुस्तकात वाचलं होतं. आजी म्हणाल्या, “मी गेले होते, पण मुलांना शेजारी ठेवून. परत आले नाही तर, म्हणून.” बर्लिनची भिंत पडल्यावर त्यांचा कारखाना बंद झाला आणि रशियनला कुणी विचारेना, हेही त्यांनीच सांगितलं. ‘भाषा शिकून उपयोग काय’ या तुझ्या बाबांच्या प्रश्नाचं इतकं गुंतागुंतीचं उत्तर मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

जाता जाता: ज्यांच्या नावाचं भवन पुण्यात बोट क्लब रोडवर आहे, ते माक्स म्युलर लाइपझिशलाच शिकले, १८४३ मध्ये इथेच डॉक्टर झाले. भारतात कधी आलेच नाहीत. उलट हायडेलबर्गचे ग्युंटर सोंथायमर खंडोबा आणि धनगरांच्या मागे महाराष्ट्रभर हिंडले. दोन्ही तऱ्हा असतात.

पैसे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, सत्राचं शुल्क तेवढं भरायचं. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो आहेत, म्हणजे हायडेलबर्ग आणि ट्युबिंगन त्यात आले. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा, भरण्याआधी पुन्हा बघ), त्यातले महिन्याला ९९२ सुटतात. घरी सांगताना ‘अकरा-बारा लाख’ म्हण, पण ही फी नव्हे, तुझाच खर्च आहे, हेही सांग. विम्याला महिन्याला सव्वाशे-दीडशे जातात. म्युनिकमध्ये ९९२ पुरणार नाहीत, लाइपझिशला काटकसरीनं पुरतात. डी.ए.ए.डी. या जर्मन संस्थेची शिष्यवृत्ती बघच, पण तिच्यावर विसंबून घरात पेढे वाटू नकोस.

तुझी शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं ए.पी.एस. प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना सक्तीचं आहे, १८,००० रुपये. त्याला वेळ लागतो, तेव्हा पाचव्या सेमिस्टरचे मार्क हातात आले की त्याच्या मागे लाग. अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलै, काही ठिकाणी ३१ मे किंवा त्याच्याही आधी.

कामाचं एक नीट ऐक, मी यात आपटलेय. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण नोकर म्हणून. दुसऱ्या सत्रात एका भाषाशाळेनं मला संध्याकाळचा वर्ग देऊ केला. मी हरखले, आईला फोनसुद्धा केला. करार ‘होनोरार’चा होता, म्हणजे मी स्वतंत्र व्यावसायिक. विद्यार्थी परवान्यावर ते परदेशी नागरिक कार्यालयाच्या वेगळ्या परवानगीशिवाय चालत नाही. शाळेनं हे सांगितलं नाही, मी विचारलं नाही, आणि परवानगी मिळेपर्यंत वर्ग दुसऱ्याला गेला. त्यापेक्षा विभागातच ‘हीवी’चं, म्हणजे विद्यार्थी-सहायकाचं काम शोध, पगार बेताचा, पण ते त्या १४० दिवसांत मोजत नाहीत आणि प्राध्यापक तुला ओळखू लागतात.

नंतर काय? पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. डाफ असेल तर निर्वासितांच्या आणि स्थलांतरितांच्या इंटेग्रेशन कोर्सवर शिकवता येतं; ६०० तास भाषा, १०० तास समाज आणि कायदा. मी तेच करते. माझ्या वर्गात सीरियाचा न्हावी आहे, युक्रेनची हिशेबनीस आहे. काम आवडतं. पण ही सॉफ्टवेअरची नोकरी नव्हे. या क्षेत्रात अजून बरेच जण तासावर काम करतात: सुट्टीचे पैसे नाहीत, विमा आपला आपण. २०२२ च्या हेरेनबेर्ग निकालानंतर (अशा तासावरच्या शिक्षिकेला कोर्टानं नोकरच धरलं) शाळा पक्के करार देऊ लागल्यात, पण हळूहळू. मला पक्का करार मिळायला तीन वर्षं गेली. हे घरी लपवू नकोस. आणि परत जायचं ठरवलंस तरी हात रिकामे नसतील: २०२४ मध्ये महाराष्ट्रानं बाडेन-व्युर्टेंबर्गशी मनुष्यबळ पाठवायचा करार केलाय. नर्सना साधारण बी-२ लागतं, आणि ते शिकवायला नीट शिकलेली माणसं तिकडे थोडी आहेत.

मोटिव्हेशन लेटर लिहिलंस की मला पाठव. जर्मनमध्ये, आणि ‘लहानपणापासून मला जर्मन संस्कृतीचं आकर्षण’ असलं काही न लिहिता. मीही शिसपेन्सिलीनंच तपासते.